बारा बाय बावीसच्या गाळ्यात गॅलरी: रत्नागिरीत सुरू करायची तर कशी

बाबांचं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान होतं, मारुती मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि कॉलेजपासून मी तिथे काउंटरला बसायचे. एक चाचा दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला यायचे आणि वीस बॉलपेनं न्यायचे. सगळी निळी. मला वाटायचं कुठल्या शाळेत वाटत असतील, मग एकदा न राहवून विचारलं, तर त्यांनी पिशवीतनं बर्फाच्या फॅक्टरीच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला आणि उलटा करून काउंटरवर ठेवला. तळहाताएवढा कागद, त्यावर एक सुरमई, सुरमईच्या पोटात दुमजली घर, घराच्या खिडक्यांत दिवे, आणि माशाचं प्रत्येक खवलं बारीक बारीक रेघांनी भरलेलं, इतकं दाबून की कागद पाठीमागून उठावदार झालेला. पलीकडच्या बाजूचं 'लादी ४०' कार्बनमधलं अजून दिसत होतं, ते त्यांनी घराच्या दारावरची पाटी म्हणून वापरलेलं. असे नऊशेच्या वर कागद घरी आहेत म्हणाले. कोणाला दाखवले? तर, "तुला आत्ता दाखवले ना."

चित्रकला न शिकलेल्या माणसांच्या चित्रांची माझी गॅलरी तिथून सुरू झाली. बाबा गेल्यावर झेरॉक्सचं मशीन विकलं, रॅक काढले, भिंती पांढऱ्या केल्या. आता पाच वर्षं होतील. मधूनमधून कोणीतरी मेसेज करतं, चिपळूणहून, मालवणहून, एकदा अलिबागहून, की आमच्याकडे पण जागा आहे, काय काय करावं लागतं. प्रत्येकाला वेगळं टाइप करून हात दुखले म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी माणसं, गाळा नंतर

सगळे उलटं करतात. गाळा घेतात, रंग काढतात, लाइट लावतात, मग विचारतात आता लावायचं काय. मग आर्ट कॉलेजच्या पोरांना बोलावतात. सावर्ड्याची, देवरूखची पोरं चांगलीच काम करतात, त्यात वाद नाही, पण त्यांच्यामागे सर आहेत, डिप्लोमा आहे, उद्या मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करायचा तर तो कसा भरायचा हे सांगणारं कोणीतरी आहे. आपल्याला शोधायचीत ती ज्यांना असा अर्ज असतो हेच माहीत नाही अशी माणसं.

ती कुठे असतात? गणपतीच्या शाळेत बघा, जून ते भाद्रपद. मालक मूर्ती करतो पण रात्री दोनला डोळे आखणारा माणूस वेगळाच असतो, वर्षभर गवंडीकाम करतो आणि दोन महिने डोळे आखतो, त्याच्या घरी गेलात तर दाराच्या मागे काहीतरी असतंच. मिरकरवाड्याला होड्यांवर नावं आणि मासे रंगवणारे बघा. शिमग्यात आणि नमन-खेळ्यांत संकासुराचं सोंग कोण तयार करतो ते विचारा, दक्षिणेला सिंधुदुर्गात दशावताराचे चेहरे रंगवणारे आहेत. एटीएमचे वॉचमन, रिक्षावाले, ज्यांच्याकडे रिकामा वेळ आणि एक पेन असतं असे सगळे. आणि तरुण पोरं, जी रात्री स्टिकर चिकटवतात, रॅप करतात, हाताने काढलेलं मासिक झेरॉक्स करून वीस रुपयांना विकतात, टॅटू काढतात. त्यांना अंडरग्राउंड म्हटलेलं आवडतं, चाचांना ते कळणार पण नाही, पण भिंतीवर दोघं शेजारी छान दिसतात.

पहिल्या भेटीत फोटो काढू नका. मी ही चूक केलीय, मोबाइल बाहेर काढला की समोरचा माणूस दार अर्धं लोटतो, त्याला वाटतं पंचायतीतनं आलीय का बँकेतनं. पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा बघणं, तिसऱ्यांदा विचारणं. "तुम्ही आर्टिस्ट का?" असं तर कधीच विचारू नका, लगेच "छे छे, टाइमपास" म्हणून सगळं ट्रंकेत जातं. "हे तुम्ही केलंत? किती दिवस लागले?" एवढं पुरतं, दिवसांचं विचारलं की माणूस बोलायला लागतो.

याला म्हणायचं काय

परदेशात अशा न शिकलेल्या माणसांच्या कामाला आउटसाइडर आर्ट म्हणतात. हा शब्द १९७२ साली रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाच्या पुस्तकामुळे रूढ झाला, त्याआधी फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे याला आर्ब्रूत म्हणजे कच्ची कला म्हणायचा, त्याने जमवलेला सगळा साठा १९७६ पासून स्वित्झर्लंडमधे लोझानच्या संग्रहालयात आहे. शिकागोचा हेन्री डार्गर हॉस्पिटलात झाडलोट करायचा, त्याच्या खोलीत पंधरा हजार पानांची गोष्ट आणि शेकडो चित्रं सापडली, तो १९७३ मधे गेला त्याच्या थोडंच आधी, तोवर घरमालकालासुद्धा पत्ता नव्हता. आणि आपल्याकडे नेकचंद, चंदीगडचे रस्त्याच्या खात्यातले इन्स्पेक्टर, सरकारी जंगलाच्या जमिनीत गुपचूप अनेक वर्षं फुटक्या बांगड्या, कपबश्या, सिरॅमिकचे तुकडे जमवून पुतळे उभे करत होते. सापडल्यावर खरं तर पाडायला हवं होतं, पण १९७६ मधे ते लोकांना खुलं झालं, तेच रॉक गार्डन. रत्नागिरीत कोणाला समजवायचं झालं की मी नेकचंदांपासून सुरुवात करते, द्युब्युफेपर्यंत जायची वेळच येत नाही.

मराठीत मात्र घोळ आहे. 'बाहेरची कला' म्हटलं तर आमच्याकडची कुठलीही आजी विचारेल, कोणाला बाहेरचं लागलं? मग नारळ-कोंबड्यापर्यंत विषय जातो. 'हौशी' पण नको, हौस म्हणजे रविवारी करायची गोष्ट, चाचा तर झोप लागत नाही म्हणून काढतात. 'उपेक्षित' लिहिलंत तर तो माणूस उद्घाटनाला येणारच नाही. आम्ही दारावर नुसतं 'न शिकलेल्यांची चित्रं' लिहिलंय, कारण सगळे स्वतःबद्दल हेच म्हणतात, "मी काय शिकलेलो नाय हां."

अजून एक गल्लत होते. पिंगुळीची चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, वर डहाणू-पालघरची वारली, या परंपरा आहेत, त्यांचे नियम पिढ्यांनी ठरवलेत, त्यांना आउटसाइडर म्हणू नका. पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना २०२१ मधे पद्मश्री मिळाली, त्यांना तुमच्या गाळ्याची गरज नाही, उलट तुम्हीच पिंगुळीला जाऊन बघून या. अर्थात रेषा काही एवढी सरळ नाही. वारली चित्रं मूळ लग्नात बायका काढायच्या, जिव्या सोमा म्हशे रोज काढायला लागले तेव्हा तेही त्यांच्या समाजात वेगळेच होते ना. गाळ्यात बसून यावर वाद घालायला मजा येते पण लेबलवर घालू नका.

मनोरुग्णालयाचा विषय

हा येतोच, कारण रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चारांपैकी एक, आणि आउटसाइडर आर्टचा इतिहास तिथूनच जातो, जर्मनीत हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरने रुग्णांची चित्रं जमवून १९२२ मधे पुस्तक काढलं होतं. त्यामुळे नवीन माणसाच्या डोक्यात पहिली आयडिया हीच येते. माझं स्पष्ट मत, पहिली दोन वर्षं तिकडे वळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचार घेणाऱ्याची माहिती किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. आणि एखादा आधी उपचार घेतलेला माणूस स्वतःहून चित्र घेऊन आला तर चित्र घ्या, आजार लेबलवर टाकू नका, त्याने स्वतः सांगितलं तरी एक महिना थांबून परत विचारा. गिऱ्हाईक आजाराची गोष्ट ऐकून दोन हजार जास्त देतं, मी बघितलंय, म्हणूनच सांगतेय.

जागा

बारा बाय बावीस पुरतं. त्याहून मोठी घेतलीत तर भरायच्या नादात काहीही लावाल. तळमजला असावा, कारण आपली निम्मी माणसं गुडघेदुखीवाली असतात, आणि समोर रिक्षा थांबेल एवढी जागा. भाड्याने घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार रजिस्टर करा, महाराष्ट्रात ते अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, नोटरीवर भागवू नका. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी ऑनलाइन होते, मोजकीच माणसं कामाला असतील तर नुसती सूचना द्यायची असते. उद्यम म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइट खोट्या. जीएसटीचं सीएला विचारा, कारण दुसऱ्याचं काम कमिशनवर विकणं आणि स्वतःचा माल विकणं यात फरक धरतात, तिथे मला विचारू नका, मी पण विचारूनच चालते. विमा काढताना एजंटला सरळ विचारा, चित्र खराब झालं तर कागदाची किंमत देणार की चित्राची.

जुन्या बिल्डिंगमधला गाळा असेल तर भिंत जांभ्याची असते. चिऱ्यात खिळा ठोकला की लाल भुसा पडतो आणि आठवड्याने चित्रासकट खिळा खाली. त्यामुळे वर छताजवळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकदाच नीट बोल्ट मारून बसवून घ्या आणि त्यातून नायलॉनची दोरी आणि हुक सोडा, मग चित्रं वर-खाली, डावी-उजवी कशी पण सरकवता येतात आणि भिंतीला हात लावायला नको. मी हे तिसऱ्या वर्षी केलं, पहिली दोन वर्षं भिंत बुजवण्यात गेली.

वही

आता मुख्य. गॅलरी भिंतीवर चालत नाही, वहीवर चालते. माझी दोनशे पानी लांब वही आहे, अगदी बाबांच्या उधारीच्या वहीसारखी, प्रत्येक माणसाला एक पान. चित्र हातात घेतलं की लगेच, त्याच्यासमोर लिहायचं: तारीख, कशावर काढलंय, कशाने काढलंय, लांबी-रुंदी, आधीपासून कुठे फाटलंय-डाग आहे, किती दिवसांसाठी घेतलं, किंमत, त्यातले त्याचे किती, आणि एक रकाना 'विकायचं' की 'फक्त दाखवायचं'. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, सही नाहीतर अंगठा, आणि त्या पानाचा फोटो त्याच्या किंवा पोराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

तो शेवटचा रकाना पहिल्या वर्षी नव्हता. एक मावशी आहेत, मासे विकतात, त्यांनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवलेली, साधी नाही, तुकड्या-तुकड्यांचा समुद्र आणि मधे एक होडी, होडीत कोणी नाही. मी ती समोरच्या भिंतीवर लावली आणि पाचव्या दिवशी पुण्याचं एक जोडपं साडेपाच हजार देऊन घेऊन गेलं. मी खूश, पहिली मोठी विक्री, पैसे पाकिटात घालून संध्याकाळी मावशींकडे गेले. त्या पाकिटाकडे बघेनातच. "मी ती दाखवायला दिलेली गो बाय. विकायला नाय." होडी भावाची होती. तो परत आला नव्हता. मी त्या जोडप्याला फोन केले, दुप्पट पैसे देते म्हटलं, गाडी करून येते म्हटलं, ते म्हणाले आम्ही रीतसर विकत घेतलीय, आणि ते खरंच होतं. वाकळ पुण्यात आहे. मावशी अजून बाजारात दिसतात, मी पापलेट दुसरीकडून घेते कारण त्यांच्यासमोर उभं राहवत नाही.

तर तो रकाना. पहिल्या दिवसापासून.

पैसे कोणाच्या खात्यात हे पण वहीतच. एकदा एका ताईंच्या चित्राचे पैसे नवऱ्याच्या नंबरवर गेले कारण तोच नंबर दिलेला होता, ताईंना दोन महिने कळलंच नाही की चित्र विकलं गेलं. आता मी पासबुक बघते, पान उघडून, नाव वाचून. खातं नसेल तर रोख, ज्याचं काम त्याच्याच हातात, आणि सही.

आणि कॉपीराइट. चित्र विकलं म्हणजे त्याचे हक्क विकले असं नाही, हक्क द्यायचे तर वेगळं लेखी लागतं. एका रिसॉर्टवाल्यांनी आमच्याकडनं चाचांचा एक कागद घेतला आणि त्याचे मोठे प्रिंट काढून सगळ्या रूममधे लावायचं ठरवलं, वर म्हणाले चाचांचीच जाहिरात होईल ना. मी म्हटलं कागद तुमचा, मासा चाचांचा. शेवटी प्रत्येक प्रिंटमागे पैसे ठरले, थोडेच, पण लेखी. मूळ चित्र पुढे कोणी दहा हजारांच्या वर परत विकलं तर त्यातला हिस्सा मागायची सोय पण कॉपीराइट कायद्यात आहे, ५३ अ कलम, आमच्याकडे अजून कोणाचं त्या किमतीला गेलेलं नाही पण बिलावर खरेदीदाराचं नाव-पत्ता लिहून ठेवते, उद्या लागलं तर.

रात्री भिंती रंगवणाऱ्या पोरांसाठी एक सूचना. गाळ्याच्या आतली भिंत त्यांना मोकळी द्या, बाहेरच्या भिंतीला मालकाची लेखी परवानगी घ्या. सार्वजनिक जागा खराब करण्याविरुद्ध १९९५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, पोलीस आले तर पोरांना 'ही कला आहे' म्हणून उपयोग नसतो.

लावणं आणि उजेड

चित्राचा मध्य जमिनीपासून चार फूट नऊ इंचावर, सगळ्या चित्रांचा एकाच ओळीत. बारक्या चित्रांसाठी मी दोन-तीन इंच अजून खाली घेते, कारण लोकांना वाकून नाक लावून बघायचं असतं. लाइट वार्म एलईडी, सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, नव्वदच्या वरचा बघून घ्या, दुकानदाराला माहीत नसतं पण खोक्यावर लिहिलेलं असतं. तिरका पाडा, सरळ पाडलात तर काचेत गिऱ्हाइकाला स्वतःचंच टक्कल दिसतं.

कागदावरच्या कामाला उजेड कमी हवा, संग्रहालयवाले पन्नास लक्स म्हणतात, लक्स म्हणजे उजेडाचं माप, मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो. आणि बॉलपेन! बॉलपेनची शाई उजेडात उडते. चाचांचे बारा कागद मी पहिल्या वर्षी दारासमोरच्या भिंतीवर चार महिने ठेवले, दुपारचं ऊन तिरकं येतं तिथे, आणि काढले तेव्हा निळ्याचा जांभळट-राखाडी झालेला. चाचांना दाखवताना माझे हात थरथरत होते. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, पाणी खोल गेलं. एवढंच. पण मी तेव्हापासून मूळ कागद सहा आठवड्यांच्या वर लावत नाही, मग स्कॅन करून प्रत लावते आणि खाली स्वच्छ लिहिते की ही प्रत आहे, मूळ बघायचं तर ड्रॉवरमधे आहे, मागा. लोक मागतात. ड्रॉवर उघडून दाखवलेलं लोकांना भिंतीपेक्षा जास्त आवडतं, विक्री पण ड्रॉवरमधूनच जास्त होते.

लेबल मराठीत, मोठ्या अक्षरात, नाव आणि कशाने काढलंय एवढं. चित्राला नाव त्या माणसाने दिलं असेल तर द्या, नसेल तर 'नाव नाही' लिहा, तुमच्याकडची कविता चिकटवू नका. आणि चित्र सुधारायला सांगू नका. "काका, इथे जरा लाल टाका ना" हे तोंडातून निघालं की संपलं, पुढच्या वेळी काका तुमच्यासाठी काढायला लागतात.

पाऊस

दुसऱ्या कुठल्या शहरातली माहिती वाचून आलात तर इथे फसाल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पावसापेक्षा ती ओल. पहिल्या जुलैत मी नऊ दिवस आजारी होते, गाळा बंद, लाइट पण गेलेली, उघडलं तर अकरा फ्रेममधे काचेच्या आतून पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. फ्रेमवाल्याने मागे हार्डबोर्ड लावलेला आणि चित्र गोंदाने सरळ त्याच्यावर चिकटवलेलं, हार्डबोर्ड ओल पितो आणि चित्राला पाजतो. चूक त्याची निम्मी, माझी निम्मी, मी विचारलंच नव्हतं.

फ्रेमवाल्याला हे सांगा, आणि समोर उभं राहून करून घ्या: मागे हार्डबोर्ड नको, सनबोर्ड म्हणजे प्लॅस्टिकच्या फोमचा बोर्ड चालेल. चित्राला गोंद लावायचा नाही, वर दोन ठिकाणी बिजागरीसारखी कागदाची पट्टी, माउंटबोर्ड म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा अ‍ॅसिड-फ्री. काच आणि चित्र एकमेकांना टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यात बोटभर हवा खेळते. बाहेरच्या, पावसाची झड लागते त्या भिंतीवर जून ते सप्टेंबर काहीही लावायचं नाही, तिथे मी खुर्च्या ठेवते.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका आणि कडक उन्हात पण टाकू नका. फ्रेम उघडून पंख्याच्या वाऱ्यात सावलीत सुकू द्या, पूर्ण कोरडं झालं की मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झाडा, तोंडाला मास्क बांधून. डिह्युमिडिफायर परवडला तर घ्या, मी सेकंडहँड घेतला, पावसात रोज सकाळी त्याची टाकी ओतते, बघूनच धडकी भरते की हे सगळं पाणी हवेत होतं. ड्रॉवरमधे सिलिका जेलच्या पिशव्या, महिन्यातून एकदा बदलायच्या. वाळवीसाठी पेस्ट कंट्रोल एप्रिलमधे, आणि लाकडी रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे.

हिशोब

गाळा आमचाच आहे तरी मी भाडं धरूनच हिशोब करते, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो. भाडं, लाइट, इंटरनेट, चहा, छपाई सगळं धरून महिन्याला साधारण दहा हजार खर्च. मुंबईतल्या मोठ्या गॅलऱ्या निम्मे ठेवतात, मी तीस टक्के ठेवते, आणि आधी फ्रेमचा खर्च वजा. म्हणजे चार हजाराला चित्र गेलं, फ्रेमला सहाशे, उरले चौतीसशे, त्यातले तेवीसशे ऐंशी त्यांचे आणि एक हजार वीस माझे. दहा हजार खर्च काढायला महिन्याला अशी दहा चित्रं जायला पाहिजेत. जात नाहीत. चांगल्या महिन्यात चार-पाच, पावसात शून्य. म्हणून बाजूला फ्रेमिंगचं काम घेते, शनिवारी मुलांचे वर्ग, आणि परवानगी घेऊन छापलेली कार्डं, पन्नास रुपयांची, तीच सगळ्यात जास्त खपतात. नोकरी सोडून यात उडी घेऊ नका.

किंमत ठरवताना माणूस म्हणतो, "द्या काय ते." असं म्हणाला तरी ठरवल्याशिवाय उठू नका. किती दिवस लागले ते विचारा, त्याची रोजची मजुरी किती ते विचारा, गुणाकार तिथेच त्याच्यासमोर करा. बहुतेक वेळा आकडा बघून तोच घाबरतो. घासाघीस करणारे येतातच, गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली आपलीच माणसं, मच्छीबाजारातली सवय घेऊन. मी जास्तीत जास्त दहा टक्के सोडते आणि ते माझ्या वाट्यातले, चित्र काढणाऱ्याच्या वाट्याला हात लावत नाही. विकलं गेलं की लेबलवर लाल टिकली लावते, खरीखुरी कपाळावरची, पाच रुपयांचं पाकीट. एकदा मावळतीला चाचांच्या सात कागदांखाली सात टिकल्या होत्या तर ते म्हणाले, सगळ्यांची लग्नं लागली वाटतं.

उद्घाटन आणि वेळा

प्रमुख पाहुणे बोलावू नका. बोलावले तर ते बोलतात, आणि ज्याचं चित्र आहे तो कोपऱ्यात हात बांधून उभा राहतो. संध्याकाळी पाचला दार उघडा, कोकम सरबत, भजी, बस. चित्र काढणाऱ्याला आधीच सांगा की भाषण नाही, नाहीतर तो येत नाही. तो मात्र अख्खी वाडी घेऊन येतो, पंचवीस-तीस माणसं, पोरं काचेला हात लावतात, लावू द्या, पुसता येतं. रोजची वेळ पाच ते साडेआठ. दुपारी एक ते चार उघडं ठेवून काही उपयोग नाही, त्या वेळात रत्नागिरीत कुत्रं पण रस्त्यावर नसतं.

बाहेरगावी पाठवायचं तर कागद-कापडी काम पीव्हीसी पाइपमधे गुंडाळून, दोन्ही टोकांना झाकण, आत प्लॅस्टिक. प्लंबरच्या दुकानात चार इंची पाइप कापून मिळतो. काचेसकट फ्रेम हायवेने पाठवू नका, आपला हायवे तुम्हाला माहीत आहे.

मे महिन्याचा शेवट

वीस मेपर्यंत पर्यटक असतात, तोवर विका. पंचवीसच्या आत भिंती रिकाम्या करायच्या, पहिला वळीव कधी येईल सांगता येत नाही. न विकलेलं प्रत्येक काम ज्याचं त्याच्या घरी स्वतः नेऊन द्यायचं, फोन करून "येऊन घेऊन जा" असं नाही, आणि वहीत 'परत दिलं' पुढे त्याची सही घ्यायची, चित्र कसं दिलं होतं आणि कसं परत येतंय ते दोघांनी मिळून बघून. या कामाला मला तीन दिवस लागतात, स्कूटरवर, वही पुढच्या डिकीत. बहुतेक घरी फणस कापलेला असतो त्यामुळे चौथा दिवस पोटासाठी ठेवा. पावसात कोणाकडे ठेवायला कोरडी जागा नसेल तर मला ठेवून घ्यायला सांगतात, मी घेते, पण तेव्हा वहीत नवीन ओळ, नवीन तारीख, नवीन सही. चाचांचे कागद दरवर्षी माझ्याकडेच राहतात, स्टीलच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून. त्यांच्या ओळीपुढे त्यांनी यंदा 'फक्त दाखवायचं' वर टिक केलीय, विचारलं का, तर म्हणाले, पोरीला हवेत आता.

वीस पेनं मात्र महिन्याला लागतातच. स्टेशनरी बंद केली तरी तेवढा एक डबा मी अजून होलसेलमधून आणते.